तीस वर्षें उशिरां खेळलेला खेळ

वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा मजकडे लेख मागितला, तेव्हां एखाद्या संतकवीवर अथवा शुद्धलेखनावर चार शब्द लिहावेत असें प्रथम मनांत आलें. मराठीच्या शिक्षकाकडून लोकांची अपेक्षा बहुधा तीच असते. परंतु दिवाळीच्या सुटींत मजकडून एक असें कृत्य घडलें कीं, तें सांगितल्यावांचून दुसरें कांहीं लिहावयास हात वळेना. मी एक व्हिडिओ गेम खेळलों! माझें वय पंचेचाळीस, डोळ्यांस चष्मा, आणि मुलांच्या दप्तरांतला मोबाइल नेमका हुडकून काढण्याविषयीं शाळेंत माझी थोडीशी ख्यातीहि आहे. असा मनुष्य रात्रीं साडेदहा वाजतां संगणकापुढें बसून एका चिमुकल्या राजपुत्रास खड्ड्यावरून उड्या मारावयास लावीत आहे, हें दृश्य माझ्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असतें, तर माझ्या शिस्तीची काय गति झाली असती, हें सांगणें नकोच. तथापि कबुली द्यावयाचीच तर ती पुरती द्यावी, म्हणून हा प्रपंच.

खेळाचें नांव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तो १९८९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. जगांतील गाजलेल्या संगणकी खेळांत त्याची गणना होते, आणि ज्यांनीं तो बाळपणीं खेळला ते आज चाळिशी-पन्नाशींत असूनहि त्याचें नांव निघतांच लहान होतात. मी मात्र तो कधीं खेळलों नव्हतों. मीं तो ऐकला होता.

खेळ ऐकला, हें वाचून कोणास हंसूं येईल. पण गोष्ट खरी आहे. आमचें गांव मुरबाड व शहापूर या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ, सरळगांवाहून किन्हवलीस जाणाऱ्या रस्त्याच्या आंतल्या अंगास आहे. ओटीवर उभें राहिलें म्हणजे एकीकडे माहुलीचे सुळके व दुसरीकडे सह्याद्रीची निळी भिंत दिसते. १९९३ सालीं मी आठवींत होतों. माझा थोरला भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनीं मोठा. वडिलांनीं म्हशाच्या जत्रेंत बैल विकून त्याचें शिक्षण पुरें केलें होतें, आणि तो कल्याणच्या एका खाजगी कचेरींत हिशेबनीस म्हणून लागला होता. त्या कचेरींत एक संगणक होता, आणि त्या संगणकांत कोणीतरी फ्लॉपीवरून आणून टाकलेला हा खेळ होता. साहेब घरीं गेले म्हणजे दादा अर्धा-पाऊण तास तो खेळे, आणि शनिवारीं रात्रींच्या शेवटच्या एस. टी.नें गांवीं आला म्हणजे मला तो सांगे.

कार्तिकांत भात कापून खळ्यावर आलें कीं रात्रीं राखण करावी लागे. पेंढ्याच्या उबेंत आम्ही दोघे भाऊ पडून असूं. कंदील वात उतरवून ठेवलेला, थंडी चांगलीच पडलेली, आणि दादा सांगत असे : “सुलतान लढाईवर गेलाय. मागें वजीर जाफर माजलाय. त्यानें राजकन्येपुढें वाळूचं घड्याळ ठेवलंय. एका तासांत लग्नाला कबूल हो, नाहींतर मर. आणि आपला गडी तळघरांत. हातांत कांहीं नाहीं. आधीं तलवार शोधायची.” कोणत्या दगडावर पाय ठेवला असतां तो खालीं कोसळतो, जमिनींतून भाले कसे उसळतात, कोणत्या रंगाचें औषध प्यावें आणि कोणतें पिऊं नये, हें सर्व तो हातवाऱ्यांसह सांगे. रंगाविषयीं मात्र तो थोडा चांचरत असे. कचेरींतल्या पडद्यावर एकच हिरवा रंग दिसे, त्यामुळें औषध तांबडें कीं निळें हें त्याला दुसऱ्याकडून ऐकूनच ठाऊक झालें होतें. माझी तरी कोठें तक्रार होती? माझ्या कल्पनेंत तो राजवाडा आधींच सर्व रंगांनीं रंगलेला होता. तळघर म्हणजे माहुलीवरचीं टाकीं, आणि उंच बुरूज म्हणजे मोरोशीच्या बाजूचे कडे, असें मीं मनांत ठरवून टाकलें होतें.

गोष्ट एका ठिकाणीं येऊन थांबे. चौथ्या टप्प्यांत राजपुत्राच्या वाटेंत एक आरसा उभा राहतो. दुसरी वाट नाहीं. धांवत जाऊन आरशांतून उडी घ्यावी लागते. आणि ती घेतांच आरशाच्या पलीकडून त्याचेंच प्रतिबिंब, त्याची सावली, बाहेर पडून दुसऱ्या दिशेस पळून जाते. त्या एका उडींत राजपुत्राचा प्राण कंठाशीं येतो. “मग त्या सावलीचं पुढें काय झालं?” असें मीं दहादां विचारलें असेल. दादा कूस बदलून म्हणे, “तें तूं खेळशील तेव्हां बघ. झोप आतां.” मला वाटे, दादालाच पुढें जातां आलें नसावें, आणि हार कबूल करावयाची नाहीं म्हणून तो असें बोलतो. हा समज मीं तीस वर्षें बाळगला.

पुढें दादाच्या पैशावर मी शिकलों, शिक्षक झालों. संगणक प्रथम शाळेंत आले, मग घरांत आले, मग खिशांत आले. तो खेळ मनांत आणला असता तर केव्हांहि खेळतां आला असता. पण मनांत आणला नाहीं. एखादी वस्तु लहानपणीं न मिळाली आणि मोठेपणीं सहज मिळण्याजोगी झाली, म्हणजे ती घेण्याचें एक प्रकारें भय वाटतें. खळ्यावर ऐकलेला राजवाडा प्रत्यक्षांत चार ठिपक्यांचा निघाला तर? ज्या जुन्या कादंबऱ्यांची लोक स्तुति करितात त्या उतारवयांत प्रथम वाचावयास घेणाऱ्यास ही भीति परिचयाची असेल. ग्रंथ फसला असें म्हणवत नाहीं, आणि आपण उशिरां आलों असेंहि म्हणवत नाहीं.

परंतु हें भय हें सगळें कारण नव्हे. खरें कारण सांगावयाचें तर घरची गोष्ट सांगावी लागेल. २०१९ सालीं वडील वारले. जमीन ती किती! चार भातखाचरें आणि डोंगराच्या कुशीला थोडी वरकस. त्यांपैकीं रस्त्यालगतचें अकरा गुंठ्यांचें खाचर आमच्या लहानपणीं सर्वांत हलकें समजलें जाई, कारण त्यांत पाणी ठरत नसे. पण आपल्या भागांत रस्ते रुंदावले, मुंबईकरांचीं बागबंगल्यांचीं स्वप्नें सरळगांव-किन्हवलीपर्यंत येऊन पोंचलीं, २०२५ सालीं शहापूर तालुक्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. आणि ज्या जमिनींत भात पिकत नव्हतें तिच्यांत एकाएकीं पैसा पिकूं लागला. दादाची कचेरी बंद पडली होती व तो गांवीं परतला होता. तो म्हणाला, “तुझ्या शिक्षणाला मीं पैसा घातला, तेव्हां हें खाचर माझें.” मी म्हणालों, “तूं कल्याणला होतास तेव्हां वडिलांबरोबर चिखलांत आवणी मीं केली, तेव्हां खाचर माझें.” दोघांचेंहि बोलणें खरें होतें, आणि म्हणूनच भांडण मिटेना. खोटें बोलणारा मनुष्य केव्हांतरी ओशाळतो. खरें बोलणारा ओशाळावा कशाला? सातबाऱ्यावर दोघांचींहि नांवें राहिलीं, खाचर पडीक राहिलें, आणि आम्ही दोघे भाऊ चार वर्षें एकमेकांशीं बोललों नाहीं. आई दादाजवळ असे. दादा बाजारास गेला आहे अशी वेळ साधून मी तिला भेटावयास जात असें. ती कांहीं बोलत नसे. फक्त मी निघालों म्हणजे दोन डबे भरी, एक माझा आणि एक उगीच जास्त.

मी ख्रिस्ती नाहीं. तथापि बावीस वर्षें या शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेस उभा राहिलों आहें, आणि त्या वाचनांतलें पुष्कळसें कानांत राहिलें आहे. लूकच्या शुभवर्तमानांत एक मनुष्य गर्दींतून पुढें येऊन प्रभु येशूला म्हणतो कीं, माझ्या भावाला वतनाची वांटणी करावयास सांगा. आणि तुमच्यांतला वांटणीदार मला कोणीं नेमलें, असें उलट विचारून प्रभु तें काम नाकारतात. हा भाग वाचला जाई तेव्हां मी खालीं मान घालून उभा राहीं. मला वाटे, निदान त्या मनुष्यानें विचारलें तरी. मी कोणालाच विचारीत नव्हतों.

असो. दिवाळीच्या सुटीपूर्वीं माझ्या वर्गांतल्या एका विद्यार्थ्यानें ‘माझा आवडता छंद’ या विषयावर निबंध लिहिला. जुने खेळ खेळणें हा त्याचा छंद, आणि त्यांत या राजपुत्राचें नांव. निबंधांत शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या, पण मीं त्या काढण्याआधीं त्याला बोलावून विचारलें, “अरे, हा खेळ अजून मिळतो?” तो माझ्याकडे असा पाहूं लागला, जणूं कांहीं पिंपळाच्या झाडानेंच त्याला वेळ विचारली. “सर, तुम्ही खेळलाच नाहींत? तो तर तुमच्या वेळचा!” जुन्या संगणकाचें सोंग नव्या संगणकाकडून वठवून घेणारी डॉसबॉक्स नांवाची एक युक्ति आहे. दुसऱ्या दिवशीं त्यानें ती माझ्या घरच्या संगणकावर चालवून दाखविली, आणि जातांना गंभीरपणें बजावलें, “सर, सांभाळून. यांत कोणी कांहीं सांगत नाहीं हां.”

त्याचा इशारा खरा होता. हल्लींचे मोबाइलवरचे खेळ मीं मुलांच्या खांद्यावरून पाहिले आहेत. येथें बोट लाव, शाबास, हें घे बक्षीस, असें पदोपदीं सांगणारा एक मार्गदर्शक त्यांत असतो. येथें तसें कांहीं नाहीं. एक दार मागें धाडकन् बंद होतें, आणि तुम्ही तळघरांत एकटे. डावीकडे जा कीं उजवीकडे, कोणी बोलत नाहीं. मी आपला सरळ चालत गेलों, तों एक पहारेकरी भेटला आणि त्यानें एकाच वारांत मला लोळविलें. दादाचें वाक्य तेव्हां आठवलें : आधीं तलवार शोधायची! तीस वर्षांपूर्वीं खळ्यावर मिळालेला धडा आणि मीं तो पहिल्याच मिनिटाला विसरावा, याची मला शरम वाटली.

पण खरें नवल वाटलें तें राजपुत्राच्या चालण्याचें. चार ठिपक्यांचा निघेल अशी मला धास्ती होती. तो निघाला जिवंत मनुष्य. धांवतांना एकदम थांबविला तर पाय घसरून दोन पावलें पुढें जातो. कड्याला लोंबकळतांना त्याचें अंग झुलतें. वर चढतांना आधीं कोपरें, मग गुडघा, असा चढतो. भिंती निळसर आहेत, मशाली हलत आहेत. दादाला हें सारें एका हिरव्या रंगांत दिसलें होतें, आणि तरी त्यानें सांगितलेलें एकहि वाक्य खोटें नव्हतें. पहिल्या रात्रीं मी पंधरा-वीस वेळां मेलों. सौभाग्यवतींनीं दारांतून डोकावून, “उद्यां भाऊबिजेला ताईंकडे जायचंय ना?” असें विचारलें, तेव्हां कोठें घड्याळाकडे लक्ष गेलें.

या चालण्यामागची हकीकत मीं मागाहून वाचली. खेळाचा कर्ता जॉर्डन मेक्नर. त्यानें हा खेळ १९८५ मध्यें हातीं घेतला, तेव्हां तो येल विद्यापीठांतून नुकताच बाहेर पडलेला तरुण होता. आणि तो पुरा करावयास त्याला चार वर्षें लागलीं. राजपुत्र खऱ्यासारखा चालावा म्हणून त्यानें आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धांवावयास, उड्या मारावयास व भिंतीला लोंबकळावयास लावलें, त्याचें चित्रण केलें, आणि तें एकेक चित्र करून कागदावर व कागदावरून संगणकांत गिरविलें. तलवारबाजीसाठीं त्यानें १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटांतलें द्वंद्वयुद्ध असेंच चित्राचित्रानें उतरून घेतलें. संगीत त्याच्या वडिलांनीं रचलें. म्हणजे हा एवढा जगप्रसिद्ध खेळ पाहूं गेलें तर एका घरांतला. एका भावानें दुसऱ्याच्या पावलांवरून काढलेला. हें वाचतांना मी क्षणभर थांबलों, हें सांगावयास नकोच.

याहूनहि मौजेची गोष्ट त्या सावलीची आहे. खेळ ज्या ॲपल टू नांवाच्या यंत्रावर रचला जात होता, त्याची स्मृति अत्यंत तोकडी होती. राजपुत्राच्या हालचालींचीं चित्रें भरतां भरतांच ती संपली. आतां शत्रु कोठें ठेवावा? नव्या मनुष्याचीं चित्रें ठेवावयास जागाच उरली नव्हती. तेव्हां मेक्नरनें राजपुत्राचींच चित्रें घेतलीं, त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची थोडी उलटापालट केली, आणि एक अंधुक, झगमगणारी आकृति उभी राहिली. तोच सावलीचा राजपुत्र. घरांत जागा अपुरी पडली, म्हणून आपल्यांतूनच आपला शत्रु निघाला! संगणकाच्या शास्त्रांतली ही काटकसर मला आमच्या अकरा गुंठ्यांच्या इतकी जवळची वाटली कीं, तें पान मीं दोनदां वाचलें.

खेळाचा काळ साठ मिनिटांचा. राजपुत्र मेला तरी घड्याळ थांबत नाहीं. टप्पा पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो, पण गेलेलीं मिनिटें गेलीं तीं गेलींच. मधून मधून पडद्यावर अक्षरें उमटतात कीं, इतकीं मिनिटें उरलीं. खेळ राखून ठेवण्याची सोय आहे, म्हणून मी दहा-बारा रात्री तो पुरवून खेळलों. तिसऱ्या टप्प्यांत एक हाडांचा सांपळा उठून लढूं लागतो. तो तलवारीनें मरत नाहीं, मागें रेटीत नेऊन खड्ड्यांत पाडावा लागतो. चौथ्यांत आरसा आला. मीं उडी घेतली, सावली निसटली, आणि दादाची गोष्ट येथें संपली. यापुढें मी एकटा होतों.

सावली पुढें पुन्हां भेटते. पांचव्या टप्प्यांत मोठ्या कष्टानें मिळत आलेलें औषध ती आपल्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते. सहाव्यांत आपण उडी घेणार तोंच ती दार बंद करते आणि आपण खालीं कोसळतों. आठव्या टप्प्यांत राजपुत्र कोंडला गेला असतां राजकन्येनें धाडलेला एक पांढरा उंदीर येऊन दार उघडून देतो, तेवढाच काय तो जिव्हाळा. बारावा टप्पा म्हणजे उंच मनोरा. तो चढून वर गेलों, आणि तेथें सावली तलवार उपसून वाटेंत उभी होती.

मला आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे. औषधाचा आणि दाराचा सर्व हिशेब चुकता करावयाची वेळ आली होती. मीं वार केला. तिला लागला, पण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत राजपुत्राच्या प्राणाचे जे तांबडे त्रिकोण असतात, त्यांतला एक कमी झाला. तिनें वार केला नव्हता. मला वाटलें, नजरचूक झाली. पुन्हां वार केला, पुन्हां तेंच. शेवटचा वार बसला, ती पडली, आणि तिच्याबरोबर मीहि पडलों. दुसऱ्यांदा केवळ बचाव करून पाहिला, वाट मिळेना. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तोच प्रकार. जितका जोराचा वार तितका लवकर माझाच अंत. अकरा मिनिटें उरलीं होतीं. खेळ थांबविण्याची कळ दाबून मी स्वस्थ बसलों.

उत्तर शोधणें कठीण नव्हतें. हल्लीं कोणतेंहि कोडें विचारलें तर मोबाइल क्षणांत उत्तर देतो, आणि माझा विद्यार्थीहि एका फोनच्या अंतरावर होता. पण मनांत जें नांव आलें तें यांपैकीं कोणाचेंच नव्हतें. रात्रीचे सव्वादहा झाले होते. मीं फोन हातांत घेतला, ठेवला, पुन्हां घेतला. चार वर्षांनंतर बोलावयाचें तें काय? जमिनीविषयीं बोलावयास तोंड नव्हतें; प्रकृति विचारावी तर ती रीत मींच मोडली होती. शेवटीं लावला. पलीकडून “हॅलो” आलें आणि माझ्या तोंडून निघून गेलें, “दादा, त्या सावलीचं काय करायचं?”

पलीकडे बराच वेळ कांहीं आवाज नाहीं. मला वाटलें, त्यानें फोन ठेवला. मग त्यानें विचारलें, “किती मिनिटं उरलींत?”

“अकरा.”

“मग पुष्कळ आहेत. घाई करूं नकोस. मारूं नको तिला. तलवार म्यानांत घाल.”

“म्यानांत? ती समोर उपसून उभी आहे.”

“असूं दे. खालची कळ दाब. तूं घातलीस कीं ती घालते. मग सरळ चालत जा तिच्या अंगावर.”

मीं खेळ सुरू केला, आणि खालची कळ दाबली. राजपुत्रानें तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेंहि केली. बोट थरथरत होतें हें लिहावयास मला लाज वाटत नाहीं. मी चालत गेलों. पडदा एकदम लखलखला. आणि दोन आकृत्यांची एक झाली. पुढें खोल दरी होती व पलीकडे जावयास कांहीं नव्हतें. “आतां काय?” “आतां चाल. खालीं जमीन दिसत नाहीं, पण पाऊल टाकलंस कीं येते.” मीं पाऊल टाकलें. जेथें रिकामी हवा होती तेथें पायाखालीं फरशी उमटली. दुसरें पाऊल, दुसरी फरशी. असा राजपुत्र दरीवरून पार झाला. जाफराशीं शेवटची लढाई झाली ती मीं दादाला ऐकवीत ऐकवीत खेळली, जशी तो मला खळ्यावर ऐकवी. राजकन्या भेटली तेव्हां चार मिनिटें शिल्लक होतीं.

“दादा,” मीं विचारलें, “तुला हें सगळं ठाऊक होतं? तूं शेवटपर्यंत पोंचला होतास?”

“दोनदां,” तो म्हणाला. “तेव्हां सांगितलं नाहीं. म्हटलं, एवढं तरी तुझं तुला राहूं दे. सगळंच माझ्या तोंडून ऐकून काय मजा?”

ज्या मनुष्यास हार कबूल करवत नाहीं असें मी तीस वर्षें समजत आलों, त्यानें खेळाचा सर्वांत चांगला भाग माझ्यासाठीं जपून ठेवला होता. मग इतर किती गोष्टी मीं अशाच उलट्या वाचल्या असतील? हा प्रश्न मला त्या रात्रीं झोपूं देईना. मागून आईचा आवाज आला, “कोण आहे रे एवढ्या रात्रीं?” आणि दादा म्हणाला, “कोणी नाहीं, आपलाच.”

वाचकहो, येथें गोष्ट गोड करून संपविण्याचा मोह मला होत आहे, पण तसें करणें खरेपणाचें होणार नाहीं. खाचराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. पुढच्या रविवारीं मी गांवीं गेलों, तो दादा घरीं असतांना गेलों. आम्ही दोघे त्या पडीक खाचराच्या बांधावर बसलों. बोलणें अवघड होतें. एक-दोनदां आवाजहि चढला. परंतु दोघांनीं मिळून सरकारी मोजणीचा अर्ज करावयाचा, मोजणी होईपर्यंत खाचर पडीक न ठेवतां येत्या पावसाळ्यांत त्यांत एकत्र भात लावावयाचें, आणि पीक आईच्या स्वाधीन करावयाचें, इतकें ठरलें. पुढची जमीन अजून दिसत नाहीं. पाऊल टाकूं तसतशी ती उमटेल, एवढीच आशा आहे.

गेथशेमाने बागेंत पेत्रानें तलवार उपसली, तेव्हां प्रभूनें त्याला ती म्यानांत घालावयास सांगितलें, हें वाचन आपल्या प्रार्थनेंत दरवर्षीं होतें. मी तें बावीस वर्षें ऐकलें आणि भित्र्या मनुष्याचें समाधान समजलों. तलवार म्यानांत घालण्यास ती उपसण्याहून अधिक धैर्य लागतें, हें मला एका जुन्या खेळांतल्या एका कळेनें शिकविलें. मेक्नरच्या खेळाच्या मूळ लिखाणाच्या तबकड्या अशाच हरवल्या होत्या. २०१२ सालीं त्या त्याच्या वडिलांना घरांतल्याच एका पेटींत सांपडल्या, आणि इतक्या वर्षांनंतरहि त्यांतली अक्षरें वाचतां आलीं. कांहीं वस्तु इतक्या उशिरांहि वाचतां येतात, हा मला मोठाच दिलासा वाटतो.

विद्यार्थी मित्रांनो, या लेखाचा आधार घेऊन वर्गांत खेळ खेळावयास परवानगी मिळेल अशी आशा कृपा करून धरूं नका. मोबाइल पूर्वींप्रमाणेंच काढून घेतला जाईल. परंतु तुमच्यापैकीं ज्यांना भाऊ-बहिणी आहेत त्यांनीं एखादा खेळ एकमेकांना सांगावा, आणि त्याचा शेवट थोडा राखून ठेवावा. आणि ज्यांचें बोलणें बंद झालें असेल त्यांनीं कांहीं मोठा विषय शोधीत बसूं नये. क्षुल्लक प्रश्न पुरतो. ज्या विद्यार्थ्यानें मला हा खेळ दिला, त्याच्या निबंधांतल्या सतरा चुका मीं तांबड्या शाईनें काढल्याच. मात्र खालीं शेरा लिहितांना हात थोडा सैल सुटला, हें तो जाणतो.